ऑफसाईड: झेंडा वर का गेला, हे आपलं आपण ओळखायचं कसं

सांगलीच्या शिवाजी स्टेडियमवर किंवा मिरजेत मॅच रंगात आलेली असते, गोल होतो, पोरं नाचायला लागतात आणि तेवढ्यात कुणाला तरी लाइनमनचा वर गेलेला झेंडा दिसतो. "आरं, मागनं पळत आला की त्यो!" एक बाजू ओरडते. "दोन हात पुढं हुता," दुसरी बाजू. गंमत म्हणजे दोघांनीही जे पाहिलं ते खरं असू शकतं. एकाने पास निघतानाचं पाहिलेलं असतं, दुसऱ्याने बॉल पोचतानाचं.

फुटबॉलचे नियम एकूण १७, त्यातला ऑफसाईडचा अकरावा. तो किचकट वाटतो याचं कारण आपण एकच प्रश्न विचारतो: ऑफसाईड होता का नव्हता? नियमात प्रश्न दोन आहेत आणि ते ठरलेल्या क्रमानेच विचारायचे. पहिला, साथीदाराचा पाय किंवा डोकं बॉलला लागलं त्या क्षणी हा खेळाडू ऑफसाईड जागेवर होता का? दुसरा, त्यानंतर त्याने खेळात भाग घेतला का? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर विषय संपला. 'हो' असेल तरी शिट्टी लगेच वाजत नाही, कारण ऑफसाईड जागेवर नुसतं उभं राहण्याला शिक्षा नाही.

जागा कशी बघायची

ऑफसाईड जागा ठरायला तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात. खेळाडू समोरच्या संघाच्या अर्ध्या मैदानात हवा, तो बॉलच्या पुढे हवा, आणि समोरच्या संघातल्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे हवा. 'पुढे' म्हणजे गोलरेषेच्या जास्त जवळ. तिन्हींतली एक जरी गोष्ट खोटी असेल तरी जागा बरोबर आहे.

मध्यरेषा ही आपल्याच अर्ध्यात धरतात. त्यामुळे पास निघताना फॉरवर्डचे दोन्ही पाय मध्यरेषेवर आणि अंगही तिच्या अलीकडे असेल, तर पुढे गोलकीपरशिवाय कुणी नसलं तरी तो खुशाल पळू शकतो. बॉलच्या मागे असलेला खेळाडूही कधीच ऑफसाईड नसतो. दोन फॉरवर्ड सगळा डिफेन्स मागे टाकून गेले आणि बॉल असलेल्याने मागच्याला आडवा दिला, तर गोल शंभर टक्के ग्राह्य. इथे प्रेक्षक हमखास चुकतात, कारण त्यांना फक्त 'मागे एकटा गोलकीपर' एवढंच दिसतं.

सगळ्यात जास्त गोंधळ शेवटून दुसऱ्या खेळाडूबद्दल आहे. आपल्याकडे सरसकट 'शेवटचा डिफेन्डर' म्हणतात. बहुतेक वेळा ते चालून जातं, कारण सगळ्यात मागे गोलकीपर असतो आणि त्याच्या पुढचा डिफेन्डर आपोआप शेवटून दुसरा ठरतो. पण नियमाच्या या भागात गोलकीपरचं नावच नाही. समोरचे कोणतेही दोन खेळाडू चालतात. गोलकीपर बॉल पकडायला पुढे धावला आणि मागे एकच डिफेन्डर उरला, तर मोजणी बदलते. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपमध्ये पहिल्याच मॅचच्या तिसऱ्या मिनिटाला इक्वेडोरच्या एन्नेर वालेन्सियाचा गोल रद्द झाला तो असाच. यजमान कतारचा गोलकीपर जागा सोडून पुढे आला होता, मागे एकच डिफेन्डर होता, आणि गोलच्या आधी हेडर ज्याच्याकडे आला त्या एस्त्रादाचा पाय शेवटून दुसऱ्याच्या पुढे होता. टीव्हीवर बघणाऱ्या निम्म्या लोकांना डिफेन्डर गोलजवळ दिसत होता, म्हणून ते 'ऑनसाईड आहे की' म्हणत राहिले.

बरोबरीत असेल तर ऑफसाईड नाही. हा बदल १९९० मधला. त्याआधी बरोबरीतही झेंडा वर जायचा. आणि १९२५ पर्यंत तर दोन नव्हे, तीन खेळाडू पुढे असावे लागायचे.

मोजायचं काय, तर डोकं, धड आणि पाय. हात मोजत नाहीत, फॉरवर्डचे नाहीत, डिफेन्डरचे नाहीत आणि गोलकीपरचेही नाहीत. हात कुठून सुरू होतो हेही ठरलेलं आहे: काखेच्या खालच्या टोकाच्या पातळीपासून. म्हणजे खांदा मोजला जातो. पळताना पुढे झुकलेला फॉरवर्ड नुसत्या खांद्याने ऑफसाईड होऊ शकतो आणि बोट पुढे दाखवत 'इथं दे, इथं दे' करणारा हात कितीही लांब गेला तरी फरक पडत नाही.

क्षण कोणता

क्रिकेटमधला रनआउट डोळ्यासमोर आणा. बेल्स उडाल्या त्या क्षणी बॅट कुठे होती एवढंच बघतात, नंतर बॅट्समन क्रीजमध्ये पोचला याला काही अर्थ नसतो. ऑफसाईडमध्ये बेल्स उडण्याची जागा साथीदाराच्या पहिल्या स्पर्शाने घेतली आहे. बॉल हवेत असताना कोण कुठे गेला, बॉल पडला तेव्हा कोण कुठे होता, हे सगळं बाद.

यातून दोन्ही बाजूंचे गैरसमज सुटतात. पास निघताना मागे असलेला आणि मग सुसाट पळत डिफेन्डरच्या पाच मीटर पुढे बॉल घेणारा बरोबर आहे. उलट पास निघताना पुढे असलेला आणि मग शहाणपणाने मागे येऊन बॉल घेणारा ऑफसाईड आहे. 'मागे आला होता की' हा बचाव चालत नाही. तो मागे येत येत स्वतःच्या अर्ध्यात जाऊन बॉलला लागला, तरी शिट्टी वाजते आणि फ्री किक त्याच्याच अर्ध्यात, जिथे तो बॉलला लागला तिथून, दिली जाते. हे पाहून नवखे चक्रावतात, पण नियम तसाच आहे.

दुसरी गोष्ट, साथीदाराचा प्रत्येक स्पर्श म्हणजे नवी मोजणी. मिडफिल्डरने पास दिला, मधे दुसऱ्याच्या डोक्याला लागून बॉल वळला, तर त्या डोक्याच्या स्पर्शाच्या क्षणी पुन्हा सगळं तपासायचं. फ्री किकवर डोक्यांच्या गर्दीत झालेल्या गोलांवर वाद होतो तो बहुधा हा मधला स्पर्श कुणाला दिसलेला नसतो म्हणून.

खेळात भाग घेतला म्हणजे काय

जागेचं गणित एकदा बसलं की ते मेकॅनिकल आहे. खरी कसोटी या दुसऱ्या प्रश्नाची, आणि इथे रेफ्रीला डोकं वापरावं लागतं.

सरळ प्रकार म्हणजे साथीदाराकडून आलेल्या बॉलला कुठलाही स्पर्श करणं. त्यात वाद नाही. दुसरा प्रकार समोरच्या खेळाडूच्या आड येण्याचा. गोलकीपरच्या नजरेसमोर उभं राहून त्याला शॉट दिसू न देणं, बॉलसाठी डिफेन्डरशी झटापट करणं, जवळून जाणाऱ्या बॉलवर पाय टाकणं आणि त्यामुळे समोरचा अडखळणं, किंवा अशी काही ठळक हालचाल करणं की समोरच्याला बॉल खेळायला अडचण यावी. यातलं काहीही केलं तर बॉलला न लागताही ऑफसाईड होतो.

१८ यार्डच्या बॉक्सबाहेरून कुणी सणसणीत शॉट मारला आणि ऑफसाईड जागेवरचा फॉरवर्ड गोलपोस्टच्या बाजूला, गोलकीपरच्या नजरेच्या रेषेबाहेर होता, तर गोल द्यायचा. तोच फॉरवर्ड गोलकीपरच्या समोर दोन मीटरवर असेल आणि शॉट त्याच्या अंगावरून गेला असेल, तर द्यायचा नाही. तपासायचं कसं? गोलकीपरचे डोळे आणि शॉट मारणाऱ्याचा पाय यांच्यामध्ये मनात एक दोरी ताणा. फॉरवर्ड त्या दोरीत येतो का बघा.

'आड येणं' म्हणजे नुसतं जवळ असणं नव्हे, हे पटवायला जानेवारी २०२३ मधली मँचेस्टर डर्बी (युनायटेड विरुद्ध सिटी) पुरेशी आहे. मार्कस रॅशफोर्ड ऑफसाईड जागेवर होता, बॉलसोबत पळत राहिला, पण त्याने पाय लावला नाही. मागून आलेल्या ब्रुनो फर्नांडिसने गोल मारला. लाइनमनने झेंडा वर केला होता, रेफ्रीने गोल दिला. निर्णयावर जगभर रान उठलं. आमच्या मते नियमाच्या शब्दांत तो गोल बसत होता, पण डिफेन्डर आणि गोलकीपर दोघांनीही रॅशफोर्डला धरून हालचाल केली होती हेही नाकारता येत नाही. 'ठळक हालचाल' आणि 'परिणाम' हे शब्द नियमात असेपर्यंत अशा मॅचेस येत राहणार.

तिसरा प्रकार, फायदा उठवणं. शॉट पोस्टला लागून परत आला, किंवा गोलकीपरने अडवलेला बॉल सुटला, आणि शॉटच्या वेळी ऑफसाईड जागेवर असलेल्या खेळाडूने तो जाळीत ढकलला, तर गोल नाही. शॉटच्या क्षणी जी जागा होती ती त्याला चिकटलेली असते, पोस्टला लागून ती पुसली जात नाही.

'डिफेन्डरला लागला होता' हे कधी चालतं

गॅलरीतलं हे सगळ्यात लाडकं वाक्य. अर्धं खरं आहे. डिफेन्डरने बॉल जाणूनबुजून खेळला असेल, म्हणजे क्लिअर करायला, पास द्यायला किंवा ताब्यात घ्यायला, तर आधीचा ऑफसाईड संपतो. त्याची किक चुकली तरीही. पण बॉल नुसता अंगावर आदळून वळला असेल, तर संपत नाही. आणि गोलमध्ये किंवा अगदी गोलजवळ जाणारा बॉल त्याने मुद्दाम अडवला असेल, तर तो बचाव धरतात आणि तेव्हाही ऑफसाईड कायम राहतो.

जाणूनबुजून खेळला की आदळला, हे ठरवायच्या खुणा २०२२ मध्ये स्पष्ट केल्या गेल्या. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये नेशन्स लीगच्या फायनलला स्पेनच्या एरिक गार्सियाने घसरत पाय टाकला, बॉलला जेमतेम स्पर्श झाला आणि मागे ऑफसाईड जागेवर असलेल्या किलियन एम्बापेने फ्रान्सचा विजयी गोल मारला होता. तेव्हा तो 'जाणूनबुजून' धरला गेला. आता रेफ्री बघतात ते असं: बॉल लांबून आला का आणि डिफेन्डरला तो स्पष्ट दिसत होता का, वेग फार होता का, दिशा अचानक बदलली का, अंग सावरायला वेळ मिळाला का. हवेतल्या बॉलपेक्षा जमिनीवरचा बॉल खेळायला सोपा, हेही धरतात. ताणून, घसरत, कसाबसा लावलेला पाय आता सहसा 'जाणूनबुजून'मध्ये बसत नाही.

कुठे ऑफसाईड नसतोच

गोल किक, थ्रो आणि कॉर्नर. या तिन्हींवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाईड नाही. फ्री किक या यादीत नाही, हे लक्षात ठेवा.

पण सूट फक्त पहिल्या स्पर्शापुरती. शालेय मॅचेसमध्ये छोटा कॉर्नर घेतात: एकाने कोपऱ्यावरून जवळच्या साथीदाराला दिला, त्याने लगेच परत कॉर्नर घेणाऱ्याला. कॉर्नर घेणारा अजून गोलरेषेजवळच रेंगाळत असतो, बॉलच्याही पुढे आणि डिफेन्सच्याही पुढे. झेंडा वर. त्याला कळतच नाही आपलं काय चुकलं. उपाय सोपा: कॉर्नर मारला की दोन पावलं मैदानात, बॉलच्या मागे या. थ्रो टाकणाऱ्यालाही हेच लागू.

पेनल्टीचं वेगळं काही नाही. किकच्या वेळी सगळे बॉलच्या मागेच असावे लागतात, म्हणून गोलकीपरने अडवलेल्या बॉलवर कुणीही तुटून पडू शकतं.

डिफेन्डर मैदानाबाहेर गेला तर? रेफ्रीच्या परवानगीशिवाय बाहेर असलेला डिफेन्डर गोलरेषेवर किंवा साइडलाइनवरच आहे असं समजतात. खेळ थांबेपर्यंत, किंवा त्याच्या संघाने बॉल मध्यरेषेकडे खेळून तो बॉक्सबाहेर काढेपर्यंत, हा हिशेब चालतो. युरो २००८ मध्ये नेदरलँड्सच्या व्हॅन निस्टलरॉयने इटलीविरुद्ध मारलेला गोल यामुळेच ग्राह्य ठरला. इटलीचा पानुच्ची गोलरेषेबाहेर पडला होता. हा नियम नसता तर प्रत्येक डिफेन्डरने एक पाऊल बाहेर टाकून फॉरवर्डला ऑफसाईड केलं असतं.

लाइनमनने कुठे उभं राहायचं, प्रेक्षकाने कुठे बसायचं

लाइनमनची जागा एकच: शेवटून दुसऱ्या डिफेन्डरच्या रेषेत, किंवा बॉल त्याच्याही पुढे गेला असेल तर बॉलच्या रेषेत. डिफेन्डर हलला की लाइनमन हलला, शक्य तितका वेळ मैदानाकडे तोंड करून, आडवं सरकत.

रेषा सुटली की किती घोळ होतो ते बघा. समजा लाइनमन फक्त एक मीटर मागे राहिलाय. डिफेन्डर त्याच्यापासून १० मीटरवर आहे आणि फॉरवर्ड पलीकडे ४० मीटरवर. अशा वेळी फॉरवर्ड तब्बल तीन मीटर पुढे असला तरी लाइनमनला दोघं एका रेषेत दिसतील. उलट फॉरवर्ड जवळ आणि डिफेन्डर लांब असेल, तर बरोबर असलेला फॉरवर्ड पुढे दिसेल आणि झेंडा चुकून वर जाईल. गॅलरीत बसलेल्याचीही तीच गत. गोलच्या मागे बसून ऑफसाईड सांगता येत नाही. सांगायचाच असेल तर बॉक्सच्या रेषेच्या समोर बसा. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर मॅच बघायला जाणाऱ्यांनीही जागा पकडताना हे ध्यानात ठेवावं.

दुसरी अडचण नजरेची. पास देणारा तिकडे, डिफेन्स इकडे, आणि डोळे एकच. फॉरवर्ड सेकंदाला ७ मीटर पुढे पळतोय, डिफेन्डर ५ मीटरने वर येतोय, म्हणजे दोघांतलं अंतर सेकंदाला १२ मीटरने बदलतंय. पासकडून डिफेन्सकडे नजर वळवायला नुसते ०.२ सेकंद लागले तरी चित्र २.४ मीटरने सरकलेलं असतं. म्हणून जाणते लाइनमन डोळे डिफेन्सच्या रेषेवर ठेवतात आणि पासचा 'ठप्' आवाज कानाने पकडतात. ढोल-ताशाच्या गजरात ते जमत नाही, तेव्हा डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाय बघावा लागतो. याच कारणाने कतार वर्ल्ड कपमध्ये स्टेडियमच्या छताखाली १२ कॅमेरे लावले होते. ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ पर्यंत बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपायचे, आणि बॉलमधला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवायचा.

झेंडा घाईने वर करायचा नाही. जागा ऑफसाईड दिसली की मनात नोंद करा आणि थांबा. बॉल दुसऱ्याच, बरोबर जागेवरच्या साथीदाराकडे गेला तर झेंडा खालीच. व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय) असलेल्या मॅचमध्ये टीव्हीवर झेंडा फार उशिरा वर गेलेला दिसतो ते वेगळं. तिथे गोलची संधी पूर्ण होऊ देतात, कारण मागाहून तपासता येतं. आपल्या मैदानावर तेवढं थांबून चालत नाही.

खूण अशी: झेंडा सरळ वर, शक्यतो उजव्या हातात. रेफ्रीने शिट्टी मारली की जागा दाखवायची. झेंडा तिरका वर म्हणजे मैदानाची पलीकडची बाजू, आडवा म्हणजे मधे, तिरका खाली म्हणजे लाइनमनजवळ. रेफ्री एक हात वर धरतो, म्हणजे फ्री किक इनडायरेक्ट. थेट गोलमध्ये मारली तर गोल नाही. समोरच्यांनी ९.१५ मीटर लांब राहायचं. नुसत्या ऑफसाईडला कार्ड नसतं.

नवख्या पोरांना शिकवताना

फळ्यावर गोल-त्रिकोण काढून फारसं डोक्यात जात नाही. मैदानावर अर्धा तास द्या. गोलकीपर, एक डिफेन्डर, दोन फॉरवर्ड, एक पास देणारा, आणि साइडलाइनवर रुमाल घेतलेला एक लाइनमन. डिफेन्डर उभा राहील तिथे फक्कीने आडवी रेषा मारा.

आधी पास देणाऱ्याने बॉलला पाय लावताना मोठ्याने 'आत्ता!' म्हणायचं आणि सगळ्यांनी जागच्या जागी थिजायचं. आता रेषेच्या कोण पुढे, कोण मागे, ते सगळ्यांनी बघायचं. हे आठ-दहा वेळा करा. मग थिजणं बंद, फॉरवर्डने पळत राहायचं, पण निर्णय 'आत्ता'च्या क्षणावरच द्यायचा. तिसऱ्या फेरीत एक फॉरवर्ड मुद्दाम पुढे उभा करा आणि बॉल दुसऱ्याला द्या, म्हणजे झेंडा खाली ठेवायची सवय लागते. शेवटी गोलकीपरला डिफेन्डरच्या पुढे आणून उभा करा. इथे निम्मी पोरं चुकतात, आणि नेमकं हेच शिकवायचं असतं.

फॉरवर्डला एक गोष्ट घोटवून घ्या: सरळ पुढे पळायचं नाही. आधी डिफेन्सच्या रेषेला समांतर, आडवं पळायचं, पास देणाऱ्याचा पाय बघायचा, आणि पाय लागला की वळून आत घुसायचं. डिफेन्सला फॉरवर्डना ऑफसाईडमध्ये अडकवायचा सापळा लावायचा असेल तर आवाज एकाचाच हवा, बहुधा मधल्या डिफेन्डरचा, आणि त्याच्या हाकेवर चौघांनी एकदम वर यायचं. पलीकडच्या कोपऱ्यात बुटाची लेस बांधत बसलेला एक बॅक सगळ्या फॉरवर्डना ऑनसाईड करून ठेवतो. मैदानात जखमी होऊन पडलेला डिफेन्डरही मोजला जातो, हे विसरू नका.

रात्री टर्फवर पाच-पाच जण खेळून मोठ्या मैदानावर येणाऱ्या पोरांचा मात्र वेगळा त्रास आहे. टर्फवर आणि फुटसालमध्ये ऑफसाईड नसतो, त्यामुळे गोलजवळ तळ ठोकायची सवय पक्की झालेली असते. सात-सातच्या स्पर्धेत काही ठिकाणी ऑफसाईड ठेवतात, काही ठिकाणी नाही. टॉसच्या आधी दोन्ही कॅप्टननी रेफ्रीला एवढं विचारून घ्यावं: ऑफसाईड आहे का, असेल तर मध्यरेषेपासून धरायचा की दुसऱ्या कुठल्या रेषेपासून, आणि साइडलाइनवर झेंडा घेतलेला माणूस ऑफसाईड देणार की फक्त बॉल बाहेर गेल्याचं सांगणार. लाइनमन नसेलच, तर एकट्या रेफ्रीने मैदानाच्या मधोमध न राहता थोडं बाजूला, डिफेन्सच्या रेषेच्या जमेल तितकं जवळ पळावं, आणि शंका असेल तेव्हा शिट्टी खिशात ठेवून खेळ चालू द्यावा.